जागा मिळाली नाही

बाळ रडलं की आई आधी दिव्याकडे बघायची, मग बाळाकडे. नागपूरच्या मनीषनगरातल्या त्या इमारतीत हे आता कुणालाच वेगळं वाटत नव्हतं. कपाळाला हात, पोटाला हात, मानेखाली हात, ही जुनी तपासणी वर्षभरात मागे पडली होती. पाळण्याच्या दांडीला करंड्याएवढी पांढरी डबी अडकवलेली असायची. तिच्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला की झालं.

डबीचं नाव ‘सोबत’. बाळाच्या झबल्यात छातीवर येईल अशी एक मऊ पट्टी शिवलेली असे. ती श्वास, ठोके, अंगाची ऊब आणि स्नायूंची बारीक थरथर टिपून डबीकडे पाठवायची. डबी त्यातून तापाच्या झटक्याची चाहूल घ्यायची, झटका येण्याच्या बऱ्याच आधी. ठीक असेल तर हिरवा ठिपका, धोका असेल तर तांबडा.

केतकी गावंडेला त्या ठिपक्याच्या आत काय चालतं ते ठाऊक होतं. डबीतल्या प्रोग्रॅमचा मोठा भाग तिनेच सी या संगणकाच्या भाषेत लिहिला होता, रुंजी पोटात असताना, खुर्चीत पाठीला उशी लावून. तिसरा रंगही तिच्याच हट्टाने आला होता. पिवळा. त्याचा अर्थ, ‘मला आत्ता सांगता येत नाही.’ बैठकीत त्यावर सगळे हसले होते. असं कबूल करणारं यंत्र कोण विकत घेईल, असं कंपनीचे प्रमुख असलेल्या पाठराबे सरांनी विचारलं होतं. केतकी म्हणाली होती, “मी घेईन.”

रुंजी आता दहा महिन्यांची झाली होती. तिच्या उष्टावणाच्या आसपास पिवळा ठिपका वरचेवर लागायचा. नंतर तो लागेनासा झाला. “नव्या बदलात मेमरी वाचवलीय आम्ही,” निनाद म्हणाला होता. निनाद तिचा नवरा. दोघं एकाच कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काम करायचे. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिचं काम त्याच्याकडेच आलं. दुसऱ्या कुणाच्या हाती देण्यापेक्षा ते तिला बरं वाटलं होतं.

एप्रिलमधली दुपार होती. कूलर घरघरत होता. रुंजी गादीवर कडेला वळून झोपली होती आणि केतकीने तिच्या मानेखाली हात घातला.

“आई, ही कढत लागतेय मला.”

सासूबाई दारात कैरी किसत बसल्या होत्या. “परत लावला हात? अगं, त्या समुपदेशनवाल्या बाईंनी काय सांगितलंय तुला?”

केतकीला ते पाठ होतं. हात लावावासा वाटला की थांबायचं, श्वास घ्यायचा, आधी दिव्याकडे बघायचं. पहिलटकरणींना अशी धास्ती बसते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. निनाद शेजारी बसून मान डोलवत होता. ‘मला ती गरम लागते आणि दिवा मात्र हिरवा असतो,’ असं केतकीने सांगितल्यावर बाईंनी निनादला विचारलं होतं, यंत्र चुकू शकतं का? “नाही,” तो म्हणाला होता, “हिचाच हात गार असतो नेहमी.” त्यावर तिघंही हसले होते. केतकीही.

“आहे ना हिरवा?” सासूबाईंनी विचारलं.

“आहे.”

“मग? तूच लिहिलंयस ना ते? स्वतःच्या लिहिण्यावर तरी विश्वास ठेव बाई.”

केतकीने हात काढून घेतला. तळहाताला ऊब चिकटून राहिली होती. तिने तो ओढणीला पुसला.

थोड्या वेळाने रुंजीचे डोळे उघडले, पण ते कशाकडेच बघत नव्हते. मग तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं, हात-पाय हिसके देऊ लागले, ओठांच्या कडा निळसर झाल्या. केतकीने तिला कुशीवर वळवलं. तोंडात चमचा घालायला धावलेल्या सासूबाईंना तिने कोपराने मागे सारलं. रिक्षा कुणी आणली, ती जिना कशी उतरली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. आठवली ती दारातून वळून पाहिलेली डबी. ठिपका हिरवा होता. शांत, न लुकलुकता.

रुंजी वाचली. झटका आपोआप थांबला, ताप उतरला, दोन दिवसांनी तिला घरी सोडलं.

“तुमच्याकडे सोबत नव्हतं का?” निघताना डॉक्टरांनी विचारलं.

“होतं.”

“काढून ठेवलं असेल.”

“नाही. अंगात होतं.”

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चूक मान्य न करणाऱ्या आयांकडे बघतात तसं. निनादने पुढे होऊन कागद घेतले. “पट्टी सैल झाली असेल, डॉक्टर. होतं असं कधीकधी,” तो म्हणाला.

पट्टी सैल नव्हती. केतकीने हॉस्पिटलमध्येच झबलं उलटं करून शिवण तपासली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई रुंजीला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत झोपल्या, आणि केतकी डबी पुढ्यात घेऊन जमिनीवर बसली. पहिली शंका तिला स्वतःचीच आली. आपण लिहिलेल्यात काय चुकलं?

तिने मनातल्या मनात सगळं पुन्हा मांडलं. पट्टीकडून येणारे आकडे डबी एका लांबलचक रांगेत ठेवते. रांग म्हणजे एकाला एक लागून असलेले कप्पे. मध्ये खंड चालत नाही. बाळाचं अंग तापलं की पट्टी जास्त बारकाईने मोजू लागते, आकडे दाट येतात, रांग वाढवावी लागते. मग प्रोग्रॅम डबीकडे मोठी जागा मागतो. डबीत जागा असतेही, पण लग्नाच्या पंगतीसारखी. इथे दोन पाट रिकामे, तिथे तीन, आणि वऱ्हाडाला तर सगळ्यांनी एका ओळीत बसायचं असतं. बाळाची माहिती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा कायदा झालेला. त्यामुळे जास्तीचं वऱ्हाड बाहेर कुठे नेऊन बसवायचीही सोय नाही.

जागा मिळाली नाही तर सी भाषा आरडाओरडा करत नाही. ती मागणाऱ्याच्या हातात एक रिकामा पत्ता ठेवते. पत्ता रिकामा आहे की खरा, हे तपासायचं की नाही, ते तिने लिहिणाऱ्यावर सोडलेलं असतं. मागची रांग तिथेच, सुखरूप, जशीच्या तशी राहते. केतकीने तपासलं होतं. पत्ता रिकामा आला तर अंदाज थांबव आणि पिवळा लाव. ती ओळ लिहिताना पोटात रुंजीने लाथ मारली होती, म्हणून ती ओळ तिच्या लक्षात होती.

ती उठली. गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, फडक्यात गुंडाळली, झोपलेल्या रुंजीच्या अंगातून झबलं हलकेच काढलं आणि ते पिशवीला घातलं. बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत राहिल्या. पिशवी तिने गादीवर ठेवली आणि डबी जवळ ओढली.

आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. जागा पुरली, तर या वस्तूला श्वास नाही, ठोका नाही हे डबीला कळेल आणि तांबडा लागेल. जागा पुरली नाही, तर पिवळा.

तिने वाट पाहिली. पाणी चांगलं कढत होतं. तिने पिशवीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. रस्त्यावरून आइसफ्रूटवाल्याची घंटी गेली.

ठिपका हिरवाच राहिला. रबराची पिशवी, डबीच्या मते, गाढ आणि शांत झोपली होती.

केतकीला प्रथम हसू आलं. मग तिने डबीतली नोंद फोनवर उघडली, आणि तिथे उमटणारा श्वास तिच्या ओळखीचा होता. थोड्या वेळापूर्वी रुंजी आजीच्या मांडीवर झोपलेली असताना टिपलेला. नवी रांग मांडता आली नाही म्हणून डबी जुनीच रांग पुन्हा वाचत बसली होती. बाळाचा मागचा श्वास आत्ताचा म्हणून दाखवत होती.

हे आपोआप होत नाही. ‘पत्ता रिकामा आला तर जुनंच वाच,’ असं कुणीतरी लिहावं लागतं. तिची ओळ काढून तिथे लिहावं लागतं.

संध्याकाळी निनाद आला. या आठवड्यात मदतीच्या फोनची पाळी त्याची होती, म्हणून एका हातात कंपनीचा फोन, दुसऱ्या हातात रुंजीच्या औषधाची पिशवी. चप्पल काढता काढता त्याने गादीकडे पाहिलं. झबलं घातलेली रबरी पिशवी पाहिली. डबी पाहिली. आणि ‘हे काय गं?’ असं त्याने विचारलं नाही.

तेवढ्यावरून केतकीला कळलं.

“बस,” ती म्हणाली.

“केतकी, ऐक...”

“ऐकतेय. कधी केलंस?”

तो बसला नाही. औषधाची पिशवी तशीच हातात. “उष्टावणाच्या आठवड्यात. तुला आठवतं ना काय अवस्था होती? पिवळा लागला की तू उठून बसायचीस. तुझं दूध कमी झालं होतं. आंघोळीला जाताना डबी सोबत न्यायचीस. मी बघत होतो ना ते सगळं.”

“म्हणून?”

“म्हणून फक्त आपल्या घरच्या डबीत बदल केला. तुला झोप लागावी म्हणून, खरंच. चार दिवसांसाठी. आणि तू झोपलीसही, केतकी. कितीतरी दिवसांनी तू सलग झोपलीस.”

“तेव्हा रुंजी कशी होती?”

“म्हणजे?”

“मी झोपले तेव्हा रुंजी कशी होती, ते तुला माहीत होतं?”

आतून सासूबाईंनी हाक मारली, “निनाद, आलास का रे? चहा टाकू?” कुणीच ओ दिली नाही.

“मग इतर घरांत कसं गेलं?”

“पाठराबे सरांनी विचारलं, पिवळ्याच्या तक्रारी सगळीकडून येताहेत, तुमच्या घरून एक नाही, असं कसं? मी सांगून बसलो. ते म्हणाले, मग हेच पाठवा सगळ्यांना. तसं बघ, बहुतेक वेळा मागची रांग आणि आत्ताची रांग यांत फरक नसतोच.”

“फरक नसतो तेव्हा ही डबी लागतेच कशाला?”

“मी उपाय करतोय ना! रांग एकदम मोठी न मागता लहान तुकड्यांत मागायची, तुकडे जोडून वाचायचे. अर्धं झालंय. पंधरा दिवस दे मला.”

“तो उपाय मी रजेवर जातानाच तुला सांगून गेले होते.”

“वेळ कुठे मिळाला...”

“खोटं लिहायला मिळाला ना. ते सोपं, हो ना? दोन ओळींचं काम.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच निनादला भीती वाटत होती. “मी तुला सांगत होते. हात लावला की कढत लागते, सांगत होते. तू मला त्या बाईंकडे घेऊन गेलास. माझ्या आईला फोन करून सांगितलंस, केतकीला भास होतात. माझा हात गार असतो, म्हणालास. मी हसले रे तुझ्याबरोबर. माझ्या हाताला कळत होतं आणि मी माझ्या हातावर हसले.”

“मला वाटलं, तू बरी होते आहेस.”

“मी आजारी नव्हते, निनाद.”

तो भिंतीला टेकला. तेवढ्यात केतकीला दुसरी गोष्ट आठवली आणि ती सरळ झाली.

कंपनीचा एक नियम होता. डबीतला कुठलाही बदल दोन अंगठ्यांशिवाय घरांत जायचा नाही. एक लिहिणाऱ्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा. मध्ये कुणी तरी परकी नजर असावी म्हणून केलेला नियम. त्या भागाची तपासणी रजेवर असूनही केतकीच्याच नावावर राहिली होती, कारण तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती.

“दुसरा अंगठा कुणाचा?” तिने विचारलं.

निनादने मान खाली घातली.

तिला ती सकाळ दिसली. रुंजी अंगावर पीत होती, केस विंचरलेले नव्हते, आणि निनाद लॅपटॉप तिच्या गुडघ्याशी धरून वाकला होता. ‘काही नाही गं, दिव्याचा उजेड जरा मंद केलाय, डोळ्यांवर येतो म्हणतात लोक. ठेव अंगठा.’ तिने बाळाच्या डोक्याखालचा हात न हलवता मोकळ्या हाताचा अंगठा ठेवला होता. नवरा-बायको एकाच घरात असले की तपासणी किती पटकन होते, याचं ऑफिसात कौतुकही झालं होतं.

“माझाच,” ती म्हणाली. “माझाच अंगठा घेतलास.”

“तुला सांगितलं असतं तर तू ठेवला नसतास.”

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की क्षणभर तिला त्याची कीव आली. मग ती उठली, कपाटावरून लॅपटॉप काढला आणि जमिनीवर मांडला. तिची जुनी ओळ अजून प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात होती. काढलेलं काही कायमचं जात नाही. तिने ती परत जागेवर बसवली. फार वेळ लागला नाही.

“आत्ता पाठवायचं,” ती म्हणाली. “सगळ्या घरांत.”

“वेड लागलंय का? या उन्हात अर्ध्या डब्या पिवळ्या होतील! लोक घाबरतील.”

“घाबरू देत. घाबरले तर बाळाला हात लावतील.”

“सर मला ठेवणार नाहीत.”

“कदाचित नाही ठेवणार.”

“पंधरा दिवस, केतकी. मग कुणाला कळणारही नाही आणि सगळं नीटही होईल.”

“त्या पंधरा दिवसांत कुणाच्या तरी घरी दुपार होईल, निनाद. तिथली आई हात काढून घेईल.” तिने लॅपटॉपवरच्या ठशाच्या चौकटीवर अंगठा ठेवला. एक बाजू उजळली. लॅपटॉप तिने त्याच्याकडे वळवला. “मी या वेळी वाचून ठेवलाय. तूही वाच.”

तो उभ्यानेच वाकून ती ओळ वाचू लागला. आत रुंजी जागी झाली होती. तिचं कुरकुरणं आणि सासूबाईंचं गुणगुणणं एकात एक मिसळून येत होतं. निनाद त्या आवाजाकडे कान देऊन राहिला. मग तो गुडघ्यांवर बसला, औषधाची पिशवी अखेर खाली ठेवली आणि अंगठा टेकवला. चौकटीची दुसरी बाजू उजळली.

गादीवरच्या पिशवीशेजारची डबी क्षणभर विझली. मग पिवळी झाली.

“आता लोकांना काय सांगायचं...” निनाद बोलू लागला. तेवढ्यात त्याच्या हातातला कंपनीचा फोन वाजला. तो नुसता बघत राहिला. फोन वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजला.

केतकीने तो त्याच्या हातातून घेतला.

“हॅलो?”

“हॅलो, सोबतवाले नं?” बाईचा आवाज, धापा टाकणारा. “मी पांढरकवड्याहून बोलून राहिली. आमच्या डबीवर पिवळा लागला जी. काय झालं माह्या पोराले?”

“काही झालंय असं नाही, ताई. डबीला आत्ता सांगता येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही स्वतः बघा. हात लावा त्याला. मानेखाली, पोटाला.”

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या.

“गरम आहे,” बाई म्हणाली. “चांगलाच गरम आहे. सकाळपासून वाटे मले तसं. पण ह्यांनी म्हटलं, हिरवा आहे नं, उगीच कायले...”

“कपडे सैल करा त्याचे. कोमट पाण्याने अंग पुसा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. वाटेत ताठ झाला, हिसके देऊ लागला तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. गाडी आहे?”

“आहे. अहो, गाडी काढा लवकर!” हे पलीकडे कुणाला तरी. पावलं, दाराची कडी, पोराचं बारीक रडणं. केतकीने ते रडणं नीट ऐकलं. जोरकस होतं. तिने डोळे मिटले.

“निघालो ताई आम्ही,” बाई परत फोनवर आली. “पण मले एक सांगा. आता सांगता येत नाही म्हणता, तं सकाळी कसं येत होतं? सकाळी हिरवा कायले होता?”

हे उत्तर केतकीने द्यायचं नव्हतं. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो जमिनीवर, निनादच्या गुडघ्यांसमोर ठेवला. मग ती रुंजीला घ्यायला आत गेली.

मागून आवाज येत राहिला.

“ताई? ऐकू येते का? हिरवा कायले होता?”